मुलींच्या शाळेचं मुक्कामी शिबिर, स्वयंसेवक पालक म्हणून जावं का?

चौथीची_आई

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय कारण फॉर्म शुक्रवारपर्यंत शाळेत द्यायचाय. लेक चौथीत आहे, पुण्यातली मुलींची मराठी शाळा, फक्त प्राथमिक विभाग. जानेवारीत तिसरी-चौथीच्या मुलींना भोरच्या बाजूला एका कॅम्पसाइटवर नेतायत, दोन दिवस एक मुक्काम. तंबू, छोटीशी डोंगरचढाई, पक्षी बघणं, रात्री शेकोटी वगैरे. बाई कमी पडतायत म्हणून पालकांमधून स्वयंसेवक मागवलेत.

आता भानगड अशी की लेकीने आधीच फतवा काढलाय, "आई तू आलीस तर मी येणार नाही". आणि नवरा घुश्शात आहे. तो कॉलेजपासून डोंगरात हिंडणारा, राजगड-तोरणा म्हणजे त्याचं माहेर, आणि मला पर्वतीच्या पायऱ्यांवर धाप लागते, पण शाळा म्हणते मुक्कामाला फक्त आया चालतील, वडील नकोत. त्याचं म्हणणं हा सरळसरळ अविश्वास आहे, मग फी भरताना कशाला हवे बाबा. मला खरं तर जायचंय, पण तिथे नक्की करायचं काय असतं? फॉर्मवर "सर्वतोपरी सहकार्य करीन" एवढं एकच वाक्य आहे, त्याखाली सही. सासूबाईंना साप-विंचवांची काळजी, त्या तर नातीलाच पाठवू नका म्हणतायत. जे कोणी असे गेले असतील त्यांनी जरा खरं खरं सांगा.

रात्रपाळी

जा. बिनधास्त जा. पण लेकीसाठी जाऊ नकोस, बाकीच्यांच्या लेकींसाठी जा, म्हणजे तुझ्या लेकीचाही प्रश्न सुटेल.

मी धाकटीच्या वेळी गेले होते. माझी समजूत अशी की आपण मुलींबरोबर डोंगर चढणार, पक्षी बघणार, शेकोटीला गाणी म्हणणार. ते सगळं बाई आणि कॅम्पवाली मुलं करतात गं. आपलं काम सुरू होतं रात्री साडेनऊनंतर. दिवसभर हुंदडलेल्या मुली तंबूत शिरल्या, टॉर्च बंद झाले की पाच मिनिटांत कुठल्यातरी तंबूतून मुसमुसण्याचा आवाज. आईची आठवण येतेय. एकीला आली की शेजारणीला येते, तिला आली की पलीकडच्या तंबूत पोचते, ज्या मगाशी विषामृत खेळताना सगळ्यात जास्त आरडाओरडा करत होत्या ना, त्याच आधी. अशा वेळी "रडू नको" म्हणायचं नाही आणि घरी फोन तर अजिबात लावून द्यायचा नाही, आवाज ऐकला की बांध फुटतो आणि तिकडे आईबाप रात्री दहाला गाडी काढून निघतात. मी काय केलं, रडणाऱ्या मुलीला उठवून बाहेर आणलं आणि काम दिलं. सगळ्या तंबूंबाहेरच्या चपला जोडीने लाव. एक बारकी हुंदके देत देत चपला लावत होती, मग तिला कुणाच्या तरी दोन्ही डाव्याच सापडल्या आणि त्यावर तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. पाच मिनिटांत झोपली.

दुसरं म्हणजे सकाळच्या वेण्या! हे कोणी सांगत नाही. सहा वाजता तंबूबाहेर आले तर थंडीत कुडकुडत मुलींची रांग, प्रत्येकीच्या हातात कंगवा आणि दोन रबरं. तिसरी-चौथीतल्या निम्म्याहून जास्त मुलींना स्वतःची वेणी घालता येत नाही, घरी आई नाहीतर आजी घालते. त्यात एकीला मधला भांग हवा, एकीला तिरका, एकीला "माझी आई घालते तशी" हवी. कंगवा जिचा तिचाच वापर, एकच कंगवा सगळ्यांना फिरवलास तर आठवड्याभरात ग्रुपवर उवांचे मेसेज सुरू होतील.

रात्री बाथरूमला एकटीने जायचं नाही, तिघी-तिघींनी, बरोबर आपण. दिवसा कितीही शूर असल्या तरी अंधारात तीस पावलांवरची संडासाची खोली त्यांना मैलभर लांब वाटते, मग दाबून ठेवतात आणि मग अंथरूण ओलं होतं. ते झालं तर आवाज न करता चादर बदलायची, कोरडे कपडे द्यायचे, ओली चादर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपल्याच सॅकमध्ये. सकाळी कुणालाही कळता कामा नये, तिच्या मैत्रिणींना तर नाहीच. माझ्या मते स्वयंसेवक आईने एवढं एक काम नीट केलं तरी ती आल्याचं सार्थक आहे.

तिखटमीठ

माझं मत जरा वेगळं आहे, पटलं तर घ्या. शिबिराची फी घेणार, कॅम्पवाल्याला पैसे देणार, आणि रात्री जागायला फुकटात आया. शिक्षक कमी असतील तर शिबिर दोन तुकड्यांत न्यावं. आणि ही "स्वयंसेवा" प्रत्येक वेळी आईच्याच रजेतून का जाते? गॅदरिंगचे ड्रेस, क्रीडादिनाचं लिंबूसरबत, आता शिबिर. ज्या आया नोकरीमुळे जाऊ शकत नाहीत त्यांच्या मुलींना मग ऐकावं लागतं, "तुझी आई कधीच येत नाही". माझ्या मुलीने ऐकलंय.

दोन_लेकींचा_बाबा

तिखटमीठ, अनुमोदन. आणि त्याच न्यायाने बाबांना बंदी हाही तोच प्रकार आहे. घरात सकाळच्या दोन्ही वेण्या मी घालतो (बायको सातच्या लोकलला असते), त्यामुळे रात्रपाळींच्या रांगेत मी आरामात उभा राहिलो असतो, सागरवेणीसकट. मुलींच्या शाळेत बाबा म्हणजे फक्त बसमध्ये सामान चढवायला आणि गॅदरिंगला स्टेज बांधायला. धागाकर्तीच्या नवऱ्याचा राग मला शंभर टक्के कळतो.

निवृत्त_बाई

मी मुलींच्या प्राथमिक शाळेत नोकरी करून निवृत्त झाले आहे, म्हणून शाळेच्या बाजूने चार गोष्टी लिहिते. जरा लांबेल.

बाबा मंडळींनो, राग समजतो. पण शाळा तुम्हाला ओळखते म्हणजे काय ओळखते? पालकसभेत पंधरा मिनिटं पाहिलेलं असतं. मुक्कामाला आणायचं तर तुमच्याबद्दल आठ-नऊ वर्षांच्या इतर मुलींच्या आईबापांना उत्तर मुख्याध्यापिकेने द्यायचं असतं. २०२४ साली बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना झाल्यापासून तर शाळा फारच धास्तावलेल्या आहेत, सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती या सगळ्याबद्दल वरून विचारणा होते. कर्मचाऱ्याची पडताळणी करता येते, पालकाची कोण करणार, म्हणून सोपा मार्ग काढतात, पुरुष नकोतच. हा मार्ग बरोबर आहे असं मात्र मी म्हणत नाही. कारण मग आयांच्या बाबतीत कुणी काहीच विचारत नाही, बाई आहे म्हणजे झालं. खरा नियम बाईला आणि पुरुषाला एकच हवा: कुठल्याही मोठ्या माणसाने कुठल्याही एका मुलीबरोबर बंद जागेत एकटं राहायचं नाही. तंबूत शिरायचं तर दोघींनी, नाहीतर तंबूची चेन पूर्ण उघडी ठेवून. कपडे बदलताना आपण बाहेर, पाठ करून. रडणाऱ्या मुलीला जवळ घ्यायचंय तर सगळ्यांच्या देखत घ्या. हे पाळलं तर बाबांनाही नेता येतं, त्यांची झोपायची सोय वेगळी आणि लांब ठेवून. आमच्याकडे वडील दिवसा यायचे, वाट आधी चालून बघायला, मागे राहिलेल्या मुलींबरोबर सगळ्यात शेवटी चालायला, आणि संध्याकाळच्या आत परतायचे. धागाकर्तीने शाळेला एवढं तरी सुचवून बघावं.

मुलगी तुमच्याजवळ रात्री काहीबाही बोलते हेही लक्षात ठेवा. अंधारात, घरापासून लांब, दुसऱ्या कुणाच्या आईजवळ मुली अशा गोष्टी बोलून जातात ज्या घरी बोलत नाहीत. बहुतेक वेळा आईबाबांचं भांडण, नाहीतर कुठली मैत्रीण बोलत नाही एवढंच असतं. पण तिला कोणी त्रास देतंय असं काही कानावर आलं तर उलटतपासणी घेऊ नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. शांतपणे ऐकायचं आणि त्याच रात्री मुख्य बाईंना सांगायचं. पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तो कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर स्वयंसेवकांच्या फोनमध्ये असू द्या.

आणि परवानगी. शिक्षण विभागाचं लेखी पत्र घेतलंय का हे पालकसभेत सरळ विचारा, विचारण्यात गैर काही नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेली कॉलेजची १४ मुलं बुडाली, त्यानंतर सहलींच्या अटी कडक झाल्या. सहल म्हणा नाहीतर शिबिर म्हणा, नाव बदललं म्हणून जबाबदारी बदलत नाही. भोरच्या बाजूला म्हणताय म्हणजे धरणाचं पाणी जवळपास असणारच. साइट पाण्यापासून किती लांब आहे, मध्ये कुंपण आहे का, आणि "फक्त पाय बुडवू द्यायला" नेणार आहेत का, हे आधी विचारा. पाय बुडवायलाही नको, थंडीतली सहल आहे ती, पाण्याचं काय काम आहे.

डोंगरवेडा

बाईंच्या पाण्याबद्दलच्या परिच्छेदाला +१०००.

साप-विंचवांचं मी सांगतो, म्हणजे सासूबाईंचं थोडं समाधान होईल (किंवा वाढेल काळजी 😄). आपल्याकडे माणसाला मारणारे मुख्य साप चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. जानेवारीच्या थंडीत वावर कमी असतो पण नसतोच असं नाही. यात कॅम्पच्या दृष्टीने मला सगळ्यात भीती मण्यारची, कारण ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसं नाही, खूणही नीट दिसत नाही, सकाळी पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत असं सुरू होतं. त्यामुळे तंबूची चेन खालपर्यंत बंद, खाली भोक नाही ना हे संध्याकाळीच बघायचं, आणि तंबूत खाऊ अजिबात नाही, खाऊ आला की उंदीर येतो आणि उंदरामागे साप. मुलींच्या सॅकमधले चिवड्याचे डबे संध्याकाळी गोळा करून स्वयंपाकघरात ठेवायचे, रुसतील, रुसू देत. शेकोटीचं लाकूड उचलायचं काम मुलींना देऊ नका, दगडांच्या सांदीत हात घालू देऊ नका.

सकाळी बूट झटकूनच घालायचे, विंचवासाठी. लाल विंचू लहान मुलांना खरंच धोकादायक असतो. पूर्वी कोकणात त्याने पोरं पटापट जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं, पुढे २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुद्दा हा की उपाय आहे पण तो दवाखान्यात आहे, कांदा चोळण्यात नाही. साप असो की विंचू, आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, हातपाय न हलवता मुलीला उचलून गाडीत आणि थेट सरकारी रुग्णालय. शाळेला विचारा की रात्रभर साइटवर एक गाडी आणि ड्रायव्हर थांबणार आहे का. बस सोडून परत जाते आणि दुसऱ्या दिवशी घ्यायला येते, हे फार ठिकाणी चालतं. १०८ आहेच पण आडवाटेला ती यायला वेळ लागतो, आणि कित्येक साइटवर रेंजच नसते, त्यामुळे रेंज कुठल्या दगडावर येते हे पोचल्या पोचल्या शोधून ठेवायचं.

चढाईच्या दिवशी अत्तर, सेंट, सुवासिक तेल बंद, आग्यामोहोळ असलं कड्यावर तर तिथे ओरडायचं नाही आणि धूर करायचा नाही. किल्ल्यांवर मधमाश्या उठल्याच्या बातम्या दर वर्षी असतात.

आणि कॅम्प चालवतंय कोण? २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे अशा लोकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागा. नुसता ड्रोनने काढलेला व्हिडिओ दाखवतात त्यांच्यापासून चार हात लांब.

अवांतर: नवरोबांना सांगा रुसण्यापेक्षा आदल्या रविवारी जाऊन ती वाट चालून या, संडास मोजून या, रेंज बघून या. त्यांच्या अनुभवाचा खरा उपयोग तिथे आहे.

मेलबर्नकर

इकडचं सांगते, तुलनेसाठी. माझी मुलगी इथे मुलींच्या शाळेच्या ज्युनियर विभागात आहे. व्हिक्टोरिया राज्यात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी वर्किंग विथ चिल्ड्रेन चेक असतो, म्हणजे माणसाची पार्श्वभूमी तपासून कार्ड देतात, स्वयंसेवकांना फुकट, पाच वर्षं चालतो. स्वतःचं मूल त्या उपक्रमात असेल तर पालकाला कायद्याने सूट आहे, पण बऱ्याच शाळा तरी मागतातच. आई असो नाहीतर बाबा, दोघांनाही तेच कार्ड, त्यामुळे बाबा कॅम्पला येतात आणि कुणाला वावगं वाटत नाही. निवृत्त_बाई म्हणतात तो "दोघांना एकच नियम" तो हाच. आपल्याकडे पालकांसाठी असं काही कार्ड नाही हीच खरी अडचण, शाळेचा तरी किती दोष.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे इथे मुलींना एकदम लांब नेत नाहीत. अगदी लहान वर्गात शाळेतच संध्याकाळचं जेवण आणि खेळ, पुढच्या कुठल्या वर्षी शाळेच्या हॉलमध्ये एक रात्र, आणि मग बाहेरचा कॅम्प. शाळेतल्या त्या रात्रीतच बाईंना कळतं कोण रडते, कोण झोपेत चालते, कोणाला नाइट लाइट लागतो. हे पुण्यात करायला काहीच खर्च नाही, सतरंज्या आणि मसालेभात. आणि पालकाला स्वतःच्या मुलीच्या गटात ठेवत नाहीत, कधीच. आम्ही मराठी आया पहिल्यांदा जरा हिरमुसतो, कारण आपलं लक्ष जेवणाच्या रांगेत आपलीच कुठेय हे बघण्यात असतं, तिने भाजी घेतली का...

चौथीची_आई

बाप रे, किती छान उत्तरं, सगळ्यांचे आभार. काल पालकसभेत पाणी, गाडी आणि परवानगीपत्र तिन्ही विचारलं. पत्र आलंय, दाखवलं. गाडीबद्दल मुख्याध्यापिकाबाई आधी "बघू" म्हणाल्या, मग आणखी चार आयांनी लावून धरलं तेव्हा एक गाडी रात्रभर थांबेल असं लिहून घेतलं. बाबा मुक्कामाला नाहीतच, पण वाट बघून यायला तीन बाबांना होकार मिळालाय, त्यात आमचे एक. घुस्सा निम्मा उतरलाय, निम्मा ट्रेक करून आल्यावर उतरेल.

लेकीशी तह झाला: मी तिच्या तंबूकडे फिरकायचं नाही, तिला "पिल्लू" म्हणायचं नाही, आणि सगळ्यांसमोर स्वेटर घाल असं सांगायचं नाही. बदल्यात मी यायला तिची हरकत नाही. तिसऱ्या कलमाला मी अजून सही केलेली नाही, भोरला जानेवारीत पहाटे थंडी असते.

आता दोनच प्रश्न. एकीच्या आईने विचारलं की मुलींना पाळी आली तर? मला वाटलं चौथीत कुठे. आणि दुसरं, ग्रुपवर दर तासाला फोटो टाका अशी मागणी आत्तापासून आहे, ती कशी हाताळायची?

रात्रपाळी

चौथीत येऊ शकते गं, नऊ-दहाव्या वर्षी सुरू होणाऱ्या मुली असतात आता. पॅड्स, जादा चड्ड्या आणि कागदी पिशव्या तुझ्या सॅकमध्ये ठेवच, आणि निघायच्या आधी बाईंनी वर्गात दोन वाक्यांत सांगितलेलं बरं, की असं झालं तर घाबरायचं नाही, कुठल्याही काकूंना सांगायचं. नाहीतर पोर बिचारी लागलंय समजून रडत बसते. हे फॉर्मवरही हवं, त्याच ओळीत अंथरूण ओलं होणं, दमा, कशाची ॲलर्जी, गाडी लागणं. आया हे लपवतात, आमच्या वेळी एकीचा पंप सॅकच्या तळाशी मोज्यात गुंडाळलेला सापडला, चिठ्ठी नाही काही नाही. औषधं सगळी नाव घातलेल्या पाकिटात एकाच बाईंकडे जमा, आणि आपल्या मनाने क्रोसिनसुद्धा कुणाला द्यायची नाही, डोकं दुखतंय म्हणाली तर आधी पाणी पाज, निम्म्या वेळा मुली दिवसभर पाणीच प्यायलेल्या नसतात, संडासाला जावं लागू नये म्हणून.

फोटो आपण काढायचेच नाहीत. शाळेच्या एका फोनवर एकच बाई काढतील, ग्रुपवर दिवसातून दोनदा, पोचल्यावर आणि जेवण झाल्यावर. नाहीतर काय होतं, फोटोत जिची पोर दिसत नाही ती आई दहा मिनिटांत फोन करते, आणि जिची दिसते ती "स्वेटर कुठेय" विचारते. ग्रुप रात्रीपुरता "फक्त ॲडमिन" करून टाकायला सांग बाईंना.

आणि बसमध्ये कात्रज सुटायच्या आधी सगळ्यांच्या जागा बघून घे. उलटी होणाऱ्या पुढच्या सीटवर, खिडकीशी, प्रत्येकीकडे एक पिशवी, सकाळी पोटभर दूध पाजून पाठवू नका असं ग्रुपवर आदल्या रात्री टाक. कितीही सांगितलं तरी चार-पाच जणी पिऊन येतातच. ओले टिश्यू मोठं पाकीट घे, छोटं नको.